पीठ सैल, सारण कोरडं

आपल्याकडे ‘चायनीज’ म्हटलं की हक्का नूडल्स, मंचुरियन आणि शेजवान चटणी आठवते. ही चव भारतात घडली, इथल्या जिभेसाठी घडली. उत्तर चीनमधल्या घरात संध्याकाळी काय शिजतं, हे तिच्यावरून कळत नाही. छिनलिंग डोंगररांग आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेचा चीन हा गव्हाचा मुलूख. शांडोंग, हेबेई, हेनान, शान्शी या प्रांतांत पोळ्या, वाफवलेले पाव, हातशेवया आणि डंपलिंग हे रोजचं जेवण. त्याच घरांतली, तव्यावर भाजलेली आणि आत पालेभाजी भरलेली अर्धचंद्राकृती पोळी म्हणजे ‘ज्यौत्साय हत्झ’. लसणाच्या वासाची हिरवी पात, अंड्याची बारीक भुर्जी आणि मुगाच्या पारदर्शक शेवया हे तिचं सारण. चीनच्या उत्तरेत काही ठिकाणी नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी ती मुद्दाम करतात. 1949 नंतर मुख्य भूमीवरून तैवानला गेलेल्या उत्तरेकडच्या लोकांबरोबर गव्हाचे पदार्थ तिथे रुजले, त्यामुळे तैवानच्या रस्त्यांवरही ती सर्रास मिळते.

ही पोळी आपल्या स्वयंपाकघरात उत्तम होते. तवा, पोळपाट, लाटणं आणि घट्ट बसणारं एक झाकण एवढंच लागतं. पण ती जमते किंवा बिघडते ती पाण्यामुळे. पिठात पाणी भरपूर हवं आणि सारणाला मात्र पाणी सुटता कामा नये. पुढे जे जे सांगितलं आहे, ते जवळजवळ सगळं या एका गोष्टीसाठी आहे. म्हणून एखादी पायरी गाळावीशी वाटली तर आधी तिचं पाण्याशी काय नातं आहे ते पाहावं.

सुरुवात पातीपासून. मूळ पदार्थात जी पात घालतात ती गवतासारखी चपटी, भरीव आणि गडद हिरवी असते. तिला कांदा धरत नाही, सगळा जीव पानांत. चीनमध्ये ती फार जुनी आहे. सहाव्या शतकात ज्या सश्ये यांनी लिहिलेल्या ‘छीमिन याओशू’ या शेतीच्या ग्रंथात तिच्या लागवडीवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि दरवर्षी पेरावी लागत नाही म्हणून तिला आळशी माणसाची भाजी म्हणतात असंही तिथे नोंदवलं आहे. हिवाळा संपल्यावरची पहिली कापणी सर्वांत कोवळी आणि गोड मानतात. भारतात ही पात मणिपूरमध्ये घरोघरी असते, तिथे तिला ‘मरोई नाकुपी’ म्हणतात. मोठ्या शहरांतल्या काही भाजीवाल्यांकडे ती कधीमधी दिसते, पण तिच्यावर विसंबून बेत आखू नये.

आपल्याला सहज मिळते ती कांद्याची पात, आणि थंडीत लसणाची पात. दोन्ही मिसळून घेतल्या तर चव मूळ पदार्थाच्या बरीच जवळ जाते. 200 ग्रॅम कांद्याच्या पातीचा हिरवा भाग आणि 50 ग्रॅम लसणाची पात हे प्रमाण मला सर्वांत पटतं. लसणाची पात नसेल त्या महिन्यांत दोन-तीन पाकळ्या लसूण अगदी बारीक चिरून घालावा. एक गोष्ट मात्र विसरू नका. कांद्याची पात पोकळ असते आणि तिच्या नळीत बुळबुळीत पाणी असतं. पात उभी चिरून उघडावी, सुरीच्या बोथट बाजूने आतला चिकटा निपटून काढावा आणि मग बारीक चिरावी. हे काम कंटाळवाणं आहे, पण हा चिकटा तसाच राहिला तर सारण गिळगिळीत होतं आणि पोळी तव्यावर फुटते.

पात धुवायची ती चिरण्याआधी, आणि निदान तासभर आधी. धुऊन फडक्यावर पसरून ठेवावी. घाई असेल तर फडक्यात गुंडाळून झटकावी. हाताला ओल लागत नाही तोवर सुरी लावू नये. पातीचे तुकडे ज्वारीच्या दाण्याएवढे, पण सुरी दाबून चेचल्यासारखे नकोत. धारदार सुरीने कापलेल्या पातीला रस कमी सुटतो.

आता पीठ. आठ पोळ्यांसाठी 300 ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ, 130 मिलिलिटर उकळतं पाणी आणि 70 ते 80 मिलिलिटर साधं पाणी लागतं. पिठाच्या वजनाच्या दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक पाणी पाहून घाबरू नका, ते लागतंच. निव्वळ मैदा नको असेल तर तिसरा हिस्सा कणीक घालावी. चक्कीवरची कणीक पाणी जास्त पिते, म्हणून साधं पाणी दोन चमचे वाढवावं. संपूर्ण कणकेची पोळीही होते, खुसखुशीतपणा मात्र उणावतो.

परातीत मैदा आणि मीठ घेऊन त्याचे अंदाजाने दोन भाग करा. एका बाजूवर खळखळ उकळतं पाणी बारीक धारेने ओतत लाकडी चमच्याच्या दांड्याने भराभर ढवळा. पीठ लगेच रंग बदलतं. पांढरेपणा जाऊन किंचित पिवळसर, अर्धपारदर्शक गुठळ्या होतात आणि शिजल्या गव्हाचा गोड वास येतो. पाणी नुसतं गरम असेल तर हे होत नाही. दोन मिनिटांनी, हाताला सोसेल इतकं निवल्यावर, उरलेल्या कोरड्या भागावर साधं पाणी शिंपडत सगळं एकत्र मळा.

यामागचं कारण आपल्या ओळखीचं आहे. मोदकाच्या उकडीत तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यामुळे मऊ होतं आणि हवा तसा आकार धरतं, तेच इथे गव्हात घडतं. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे गव्हातलं स्टार्च फुगायला लागतं आणि कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतं. शिवाय उष्णतेने ग्लुटेनचा ताण मोडतो, त्यामुळे लाटलेली पारी मागे आखडत नाही. पण सगळंच पीठ उकळत्या पाण्याने भिजवलं तर त्यात चिवटपणा उरत नाही आणि आतली वाफ कोंडताच पारी फाटते. सगळंच थंड पाण्याने भिजवलं तर पोळी गरम असताना बरी लागते, पण निवली की वातड. म्हणून अर्धं-अर्धं. तव्यावर जेमतेम सहा-सात मिनिटं राहणारी ही पोळी कडेपर्यंत शिजते, त्यातही पीठ आधीच अर्धवट शिजलेलं असण्याचा मोठा वाटा आहे.

पहिल्यांदा मळताना पीठ हाताला चिकटेल. कोरडं पीठ घालू नका. झाकून दहा मिनिटं ठेवा आणि चमचाभर तेलाचा हात लावून पुन्हा मळा. तेच पीठ आता तुकतुकीत होतं. मग ओल्या फडक्याखाली किमान अर्धा तास, जमल्यास तासभर विसावू द्या. बोटाने दाबलं तर खळगा हळूहळू भरून यावा, झटकन नव्हे.

पीठ मुरतंय तोवर सारण. तीन अंडी चिमूटभर मीठ घालून फेटा. कढईत नेहमीपेक्षा थोडं जास्त, म्हणजे दोन चमचे तेल तापवा आणि अंडी ओतून दोन काड्यांनी किंवा काट्याने सतत ढवळा. भुर्जीचे दाणे पातीच्या तुकड्यांएवढेच बारीक हवेत. मोठे गोळे राहिले तर पारीला टोचतात आणि प्रत्येक घासाला चव वेगळी लागते. ही भुर्जी ताटात पसरून पूर्ण गार करा. कोमट अंडं पातीत पडलं की पात तिथेच मान टाकते आणि पाणी सोडायला लागते.

मुगाच्या शेवया 40 ग्रॅम घ्याव्यात. मुगाच्या स्टार्चपासून केलेल्या, काचेसारख्या पारदर्शक. शांडोंगमधल्या झाओयुआन भागात त्या पूर्वापार होतात आणि लोंगखोऊ बंदरातून बाहेर जात असल्याने ‘लोंगखोऊ’ नावानेच जगभर विकल्या जातात. आपल्याकडे मोठ्या किराणा दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. गरम पाण्यात पाच-सात मिनिटं भिजवून, जराशा कडक असतानाच उपसा, निथळा आणि बोटाच्या पेराहून लहान कापा. पूर्ण मऊ करायच्या नाहीत. पातीला आत जे थोडं पाणी सुटेलच, ते या शेवयांनी प्यायचं आहे. सारणात त्यांचं मुख्य काम हेच, पोत हा वरचा फायदा. बाजारात त्या मिळाल्याच नाहीत तर वगळा आणि एक अंडं वाढवा.

आता मिसळण्याचा क्रम, आणि इथे घाई नको. चिरलेल्या पातीवर सर्वांत आधी दीड चमचा तिळाचं तेल घालून हलक्या हाताने चोळा, प्रत्येक तुकड्याला तेलाचा लेप बसू द्या. मग गार भुर्जी, शेवया आणि पाव चमचा पांढरी मिरपूड. मीठ अजिबात नाही. पाऱ्या लाटायला सुरुवात करतानाच एक लहान चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम मीठ घाला. मीठ पातीतलं पाणी बाहेर ओढतं, तेलाचा लेप त्याला थोडा वेळ थोपवतो, पण थोडाच वेळ. मीठ घातलेलं सारण वीस मिनिटं पडलं तर वाडग्याच्या तळाशी हिरवं पाणी दिसेल. सोया सॉस सारणात घालण्याचा मोह याच कारणाने आवरावा, त्याची जागा बाहेरच्या वाटीत आहे.

तिळाच्या तेलाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. चिनी स्वयंपाकातलं तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं असतं, रंगाने तपकिरी आणि वासाने खमंग. आपल्याकडचं लाकडी घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं असतं. तेही चांगलं, पण तो खमंग वास त्यात नाही. भाजलेल्या तिळाचं तेल मिळालं नाही तर साधं तेल वापरून दोन चमचे तीळ तांबूस भाजावेत, खलबत्त्यात भरड कुटावेत आणि सारणात घालावेत. चव चटकन जुळते.

मासे खाणाऱ्या घरांसाठी एक सुंदर भर. शांडोंगच्या किनाऱ्यावर या सारणात सुकवलेली अगदी बारीक कोळंबी घालतात. ती ज्या कुळातली, त्याच कुळातला आपल्या कोकणातला जवळा. दोन मोठे चमचे सुका जवळा निवडून, चाळून, कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजून घ्या आणि गार करून मिसळा. जवळा मुळात खारट, म्हणून मीठ निम्मं. ज्यांच्या घरी फडताळात जवळ्याचा डबा असतो, त्यांनी ही पोळी त्याच्याशिवाय करूच नये असं मला वाटतं.

पिठाच्या आठ लाट्या करा, प्रत्येकी साधारण 62 ग्रॅमची. बाकीच्या झाकून एक लाटी घ्या आणि 17-18 सेंटिमीटर व्यासाची पारी लाटा. मध्यभाग किंचित जाड, कडा पातळ. पोळपाटावर पिठी कमी वापरा, कारण कडेला कोरडं पीठ लागलं तर ती चिकटत नाही. अर्ध्या भागावर सारण ठेवा, कडेला बोटभर जागा सोडून. सारण भरपूर हवं, पिठाइतक्याच वजनाचं. मग दुसरी बाजू त्यावर आणा आणि कड दाबण्याआधी तळहाताने घडीकडून कडेकडे हलकेच दाबत आतली हवा बाहेर काढा. कोंडलेली हवा तव्यावर फुगते आणि सांध्यातून वाट शोधते. नंतर कड दाबा आणि मुरड घाला. मुरड जमत नसेल तर कातण फिरवा. उत्तर चीनमध्ये अनेक जण वाटीची कड दाबून जादा पीठ कापून टाकतात, तसंही चालतं.

सर्व पोळ्या भरून रांगेत ठेवायच्या आणि मग भाजायला घ्यायच्या, हा क्रम इथे सोडा. एक तव्यावर असताना पुढची भरा. भरलेली पोळी दहा मिनिटांहून अधिक पडून राहिली तर तळ ओला होतो आणि उचलताना चिरतो.

बिडाचा किंवा जाड लोखंडी सपाट तवा उत्तम. खोलगट तव्यावर मधला भाग करपतो आणि टोकं कच्ची राहतात. तवा मध्यम आचेवर तापवून दोन चमचे तेल सगळीकडे फिरवा, दोन पोळ्या ठेवा आणि झाकण घाला. झाकणाखाली पातीच्या स्वतःच्या वाफेवर वरची बाजू आणि जाड कड शिजते, वेगळं पाणी शिंपडायची गरज नाही. दोन-अडीच मिनिटांनी खालची बाजू सोनेरी झाली की उलटा, कडेने अर्धा चमचा तेल सोडा, पुन्हा झाकण. आणखी दोन मिनिटांनी झाकण काढा, आच किंचित वाढवा आणि दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मिनिट शेका. शेवटी चिमट्याने पोळी उभी धरून मुरडीची कड आणि घडीची बाजू तव्याला टेकवा. हा शेवटचा शेक बरेच जण टाळतात आणि मग कड पिठूळ लागते.

पोळी फुगली, सारण आतून हललं की झालं. पोळी मोडली तर आतली पात गर्द हिरवीच हवी. पिवळट किंवा काळपट पात म्हणजे आच कमी आणि वेळ जास्त. अशा वेळी पुढच्या पोळीला आच थोडी वाढवा, वेळ कमी करा. सांधा फुटून पाणी तव्यावर आलं तर तेवढं पाणी फडक्याने टिपून घ्या आणि तो भाग वर राहील असं फिरवा, नाहीतर तिथे सारण जळून चिकटतं.

अंडं न खाणाऱ्यांसाठी घट्ट टोफू कुस्करून, थोड्या तेलात पाणी आटेपर्यंत परता आणि गार करून घाला. पनीर वापरता येईल, पण त्याचा दुधाळ गोडवा या सारणात वेगळा पडतो.

कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांसाठीही चीनमध्येच जुनी वाट आहे. चिनी बौद्ध परंपरेत उग्र वासाच्या पाच वस्तू वर्ज्य मानतात. लसूण, कांद्याच्या जातीच्या तीन वनस्पती आणि पाचवा हिंग. म्हणजे आपण चातुर्मासात कांदा-लसूण सोडून फोडणीत हिंग वाढवतो, तिथल्या मठात हिंगही चालत नाही. अशा स्वयंपाकात कोबी, मशरूम, टोफू, गाजर यांवर भर असतो. या सारणात पाण्याची रीत उलटी करायची. 350 ग्रॅम बारीक चिरलेल्या कोबीला आणि एका किसलेल्या गाजराला चमचाभर मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा आणि पंचात घालून घट्ट पिळा. वाटीभर पाणी निघेल. पातीतलं पाणी आत डांबून ठेवायचं, कोबीतलं आधीच काढून टाकायचं. पातीचा ताजेपणा पाण्याबरोबर जातो, कोबीला मात्र पिळल्यावरच कुरकुरीत दाट पोत येतो. मग भिजवून चिरलेले सुके मशरूम, परतलेला टोफू, किसलेलं आलं, तिळाचं तेल आणि मिरपूड. मीठ आधीच लागलेलं असतं, चाखून मगच आणखी घाला. हेच सारण गोल पोळीत भरून केलं तर त्याला ‘श्येनबिंग’ म्हणतात. तिथे लाटीत सारण भरून तोंड बंद करायचं आणि हाताने हलकेच थापायचं, लाटणं लावायचं नाही.

उत्तर चीनमध्ये बडीशेपेच्या कोवळ्या पानांचं सारणही अंड्याबरोबर करतात, आणि तिथे त्याचे जबरदस्त चाहते आहेत. आपला शेपू त्याच घराण्यातला. शेपू आवडत असेल तर पातीच्या जागी अर्धा शेपू आणि अर्धी कोबी घेऊन पाहा. जाड देठ मात्र काढा.

सोबत लागते ती फक्त एक वाटी. दोन चमचे व्हिनेगर, एक चमचा सोया सॉस, ठेचलेली लसणाची पाकळी, आवडीनुसार तिखट तेल. चीनमधलं काळं व्हिनेगर मिळालं तर फारच छान, शान्शी प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. नसेल तर तांदळाचं व्हिनेगर चालतं. टोमॅटो केचप आणि शेजवान चटणी दूर ठेवा, पातीचा गोडवा त्यांच्याखाली गाडला जातो.

आणि जमलं तर राळ्याची पेज करा. उत्तर चीनमध्ये अशा पोळ्यांबरोबर जी पिवळी, बिनमिठाची पेज पितात ती राळ्याचीच, हे धान्य तिथे हजारो वर्षं पिकतं. महाराष्ट्रातही भोगीला राळ्याचा भात करणारी घरं आहेत, त्यामुळे किराण्यात विचारलं तर राळे मिळतात. अर्धी वाटी राळे धुऊन पाच-सहा वाट्या उकळत्या पाण्यात घाला आणि मंद आचेवर अधूनमधून ढवळत पाऊण तास शिजवा, वर साय धरेपर्यंत.

मूळ पदार्थातली ती चपटी पात कुंडीतही छान येते. रोप किंवा ताजं बी मिळालं तर आठ-दहा इंच खोल कुंडीत लावा. जुनं बी मात्र उगवत नाही, त्यामुळे वर्षापूर्वीचं पाकीट घेऊ नका. पहिल्या वर्षी कापणी जपून करा, मुळं जोर धरू द्या. नंतर जमिनीपासून दोन बोटं सोडून कात्रीने कापत गेलं की महिन्याभरात पुन्हा पात तयार होते. दोन-तीन वर्षांनी बेट दाटलं की उपटून, वेगळं करून दुसऱ्या कुंडीत लावा. आठ पोळ्यांना पुरेल इतकी पात हवी तर चार-पाच भरगच्च कुंड्या लागतील, एका कुंडीतून लसणाच्या पातीऐवजी घालण्यापुरतीच निघते.

उरलेल्या पोळ्या त्याच दिवशी संपवाव्यात. अंड्याचं सारण आहे, आपल्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये टाका. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, त्यात पारी चामड्यासारखी होते. कोरडा तवा, मंद आच, पहिली दोन मिनिटं झाकून आणि पुढची दोन उघडी. कच्च्या भरलेल्या पोळ्या फ्रीजरमध्ये ठेवण्याच्या फंदात पडू नका, वितळताना पात सगळं पाणी सोडते. आगाऊ तयारी हवीच असेल तर दोन्ही बाजू फिकट भाजून, पूर्ण गार करून, मध्ये बटर पेपर घालून गोठवा आणि न वितळवता थेट झाकणाखाली तव्यावर टाका.